शुक्रवारचा हप्ता

शनिवारी सकाळी यंत्राला पुन्हा कुलूप पडलं होतं. बिघडलं नव्हतं, बिघडलं असतं तर परवडलं असतं, बिघाडाला निदान मिस्त्री बोलावता येतो. छोट्या पडद्यावर लाल अक्षरं होती: हप्ता जमा झालेला नाही, कृपया बँकेशी संपर्क साधावा. वैजयंता मुधाळेनं ती ओळ वाचली आणि हातातलं फडकं बादलीत आपटलं.

"बघा, पडलं परत," ती आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाली. "मेल्याला शनिवारच कसा गावतो?"

आतून नवऱ्याचं, सन्मतीचं, उत्तर यायच्या आधी त्याचा खोकला आला.

सगळ्याच्या मुळाशी हा खोकलाच होता. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरटी एक तरी माणूस पैंजणांच्या नाहीतर घुंगरांच्या कामात. सन्मतीनं उमेदीची सगळी वर्षं गॅसच्या ज्योतीवर पैंजणाच्या कड्या जोडण्यात घातली. जोडायला वितळवलेल्या धातूचा जो डाग देतात त्यात कॅडमियम असायचं. ते तापलं की धूर होतो, धूर छातीत उतरतो आणि एकदा उतरला की तिथंच मुक्काम ठोकतो. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो बघून स्पष्ट सांगितलं होतं, "उरलंय तेवढं सांभाळा. परत ज्योत पेटवलीत तर माझ्याकडं येऊन उपयोग नाही."

म्हणून हे लेसरचं यंत्र आलं. केसाएवढा बारीक प्रकाशाचा किरण कडीच्या सांध्यावर पडतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत चांदी चांदीला चिकटते, ना ज्योत ना धूर. बँकेनं गल्लीतल्या निम्म्या घरांना ते आठवड्याच्या हप्त्यावर दिलं होतं. जाहिरात गोड होती. हप्त्याच्या, वीजबिलाच्या, विम्याच्या तारखेची चिंताच नको, आमचा प्रोग्राम तुमच्या खात्याचा अभ्यास करून सोयीचा दिवस स्वतः निवडेल आणि पैसे परस्पर कापून घेईल. खात्यात पैसे नसले तर हप्ता परत फिरणार, दंड बसणार, आणि सगळं भरेपर्यंत बँक दुरूनच यंत्राला कुलूप घालणार. म्हणजे जप्तीच, फक्त दारात कुणी येत नाही आणि शिव्या द्यायला माणूस मिळत नाही.

वैजयंतानं बँकेला फोन लावला. फोनवर होती सुहासिनी, बँकेचा यांत्रिक आवाज. आजवर तिचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"नमस्कार वैजयंताताई. आज मी आपल्याला कशी मदत करू?"

"दंड परत कर."

"आपली भावना मी समजू शकते."

"भावना राहू दे. माझी मजुरी दर शनिवारी येते हे तुला दिसतंय की नाही? मग शनिवारी घे हप्ता. शुक्रवारीच कशाला हात घालतीस खात्यात?"

"हप्त्याचा दिवस आपल्या सोयीसाठीच निवडला जातो. खात्यात पुरेशी रक्कम ठेवल्यास दंड टाळता येतो."

"ठेवली होती गं बाई. पोटाला चिमटा काढून ठेवली होती. तू गुरुवारीच विजेचं बिल आणि विम्याचे पैसे काढून घेतलेस आणि हप्त्याला चौसष्ट रुपये कमी पाडलेस. चौसष्टासाठी सहाशेचा दंड लावलास."

"तो योगायोग असावा. मी आपली आणखी काही मदत करू का?"

वैजयंतानं फोन ठेवला. भांडायचं तर समोरच्यानं चिडलं तरी पाहिजे. ही बया चिडत नाही, दमत नाही, चहाला उठत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर "आपला दिवस शुभ जावो".

बाहेर शेजारच्या आक्काताई उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी हिचं तोंड बघितलं आणि विचारलं, "तुमचंबी पडलं व्हय कुलूप? आमचं तर पहाटंच पडलंय."

वैजयंता त्या दिवशी गल्लीतल्या यंत्रवाल्या सगळ्या घरांना विचारून आली. सगळीकडं तेच, हप्ता शुक्रवारी फिरला आणि शनिवारी कुलूप. योगायोग एखाद्या घरात होतो, अख्ख्या गल्लीत होत नाही, एवढं कळायला कॉलेजात जावं लागत नाही. पण सिद्ध करायला लागतं. म्हणून तिनं बहिणीच्या मुलीला, ऋजुताला, बोलावून घेतलं. ऋजुता कोल्हापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची.

ऋजुतानं सगळ्यांचे फोन मागून घेतले, खात्यांचे आकडे एकत्र केले आणि दुपारचं जेवण निववून टाकलं. मग मान वर करून म्हणाली, "मावशी, शुक्रवारी तुमच्याकडं नेमकं काय असतं?"

"काय असणार? केलेलं काम तवनाप्पा शेठच्या पेढीवर नेऊन द्यायचं. सकाळी वजन होतं, मजुरी ठरते."

"मग पैसे शनिवारी का?"

"अगं, शुक्रवार पद्मावतीचा वार. आप्पा शेठ त्या दिवशी पैसा उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. लक्ष्मी निघून जाती म्हणे. फोनवरनंसुद्धा देत नाहीत. शुक्रवारी फोन देवीपुढं पालथा घालून ठेवतात."

ऋजुता हसली, पण तिला राग आलेला दिसत होता.

"सापडलं. आठवड्याचा खर्च होऊन शुक्रवारी तुमची खाती तळाला जातात. पैसे येणार दुसऱ्या दिवशी. आठवड्यात याहून कोरडा दिवस नाही."

"पण त्या बँकेला पद्मावती कुणी सांगितली? मुंबईत बसलेल्या माणसाला आमच्या आप्पांचा नेम कसा ठाऊक?"

"कुणालाच ठाऊक नाही," ऋजुता म्हणाली. "माणसानं केलंच नाही हे. असला प्रोग्राम स्वतः शिकतो. त्याला दिवस निवडायची मोकळीक दिली आणि एवढंच सांगितलं की बँकेचं उत्पन्न वाढव. त्यानं लाखो खात्यांवर करून बघितलं, कधी सोमवारी पैसे काढले, कधी गुरुवारी, कधी आधी वीजबिल, कधी आधी हप्ता. हप्ता वेळेवर आला तर नुसता हप्ता मिळतो. फिरला तर दंड मिळतो, आणि हप्ता एकदोन दिवसांनी येतोच. यातलं जास्त काय, ते त्याला आकड्यांनी दाखवलं. पाण्याला उतार कुणी सांगावा लागत नाही, तसं ते तुमच्या शुक्रवारापर्यंत आपोआप आलं. त्याला शुक्रवार म्हणजे काय ते माहीत नाही. कोरडं खातं मात्र बरोबर कळतं."

"मग चोरी झाली की ही."

"झालीच. आता स्वयंनिर्णय कायदा आहे, यंत्र मुद्दाम नुकसान करून दंड लावत असेल तर त्याचा आयोग तो सगळा परत द्यायला लावतो. पण ते मुद्दाम आहे हे आपण सिद्ध करायचं. बँक म्हणणार, शुक्रवारी तुमच्याकडं पैसे नसतात त्याला आम्ही काय करू? या आकड्यांवर तेही खरं दिसतं."

वैजयंताच्या कपाळाची शीर उडायला लागली. "म्हणजे लुटायचं त्यांनी आणि पुरावा आणायचा आम्ही."

"हो. आणि पुरावा एकाच रीतीनं मिळेल. कारण हलवून बघायचं. तवनाप्पा शेठनी काही महिने मजुरी शुक्रवारी सकाळीच दिली, तर शुक्रवारी खाती भरलेली असतील. प्रोग्रामला खरंच तुमची सोय बघायची असेल तर तो शुक्रवारीच हप्ता घेत राहील. पण तो शुक्रवार सोडून दुसरा कोरडा दिवस हुडकायला निघाला, तर पकडला गेला."

बोलायला सोपं होतं. वैजयंता दुसऱ्या दिवशी पेढीवर गेली तेव्हा तवनाप्पा शेठ गादीवर बसून काटा पुसत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, गल्ली त्यांना आप्पाच म्हणायची. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी मान हलवली ती नकाराची.

"वैजयंता, आजोबांपासून या उंबऱ्यातनं शुक्रवारी पैसा गेला नाही. एकदा वडिलांनी भिडेखातर दिला, त्याच वर्षी पेढी फुटली. तुला पाहिजे तर मी गुरुवारी उसने देतो, पण शुक्रवार मागू नको."

"उसने देऊन काय होणार आप्पा? आज तुम्ही द्याल, उद्या कोण देईल? आणि तुमचे पैसेपण दंडातच जाणार की."

"मग माझा नाइलाज आहे."

तिला खरं तर उठून यायचं होतं. म्हाताऱ्यापुढं रडायची तिला लाज वाटत होती. पण रडण्यापेक्षा राग मोठा निघाला.

"आप्पा, मी तुमचा नेम मोडा म्हणत नाही. पण त्या यंत्रानं तुमच्या देवीचा वार हेरलाय. तुमच्या हातनं पैसा सुटत नाही तो दिवस बघून ते आमच्या खात्यात शिरतंय. देवीच्या आडोशाला बसून लुटतंय ते. तुम्ही दिवा लावून हात जोडता, त्याच वेळी माझा हप्ता फिरतोय, सकाळी घरातल्या यंत्राला कुलूप लागतंय, आणि माझा माणूस गॅसच्या ज्योतीकडं बघायला लागतोय."

आप्पांचा हात काट्यावर थांबला. त्यांनी देव्हाऱ्याकडं बघितलं. चेहरा हळूहळू लाल झाला.

"देवीच्या वाराला?" ते म्हणाले. "माझ्याच माणसांना?"

त्यांनी फडकं बाजूला टाकलं. "देतो शुक्रवारी. पण एक करायचं. ज्याला ज्याला मजुरी जाईल त्यानं लगेच एक रुपया माझ्या हातात आणून द्यायचा. नाणं पाहिजे, फोन नको. म्हणजे लक्ष्मी गेली नाही, जाऊन परत आली."

पुढल्या शुक्रवारी पेढीपुढं बायकांची रांग लागली, प्रत्येकीच्या मुठीत एक रुपया. नाणी आता फारशी दिसत नव्हती. आक्काताईंनी नातवाच्या बारशात आलेलं नाणं काढून आणलं. आप्पा फोनवरून मजुरी पाठवायचे, नाणं घ्यायचे, कपाळाला लावून देवीपुढं ठेवायचे.

हप्ते शुक्रवारीच गेले आणि एकही फिरला नाही. दुसऱ्या आठवड्यातही तेच. शनिवारी यंत्र सुरू, सन्मती खुर्चीत ताठ बसून कड्या जोडतोय, पडद्यावर लाल अक्षर नाही. "सुधारलं वाटतं," तो म्हणाला. ऋजुता फोनवर म्हणाली, "थांबा, त्याला अजून कळलेलं नाही."

महिना उलटल्यावर प्रोग्राम चाचपडायला लागला. एका घराचा हप्ता सोमवारी काढला, एकाचा गुरुवारी, एकाचा रविवारी. अंधारात चप्पल पायानं शोधावी तसं चाललं होतं. आणि मग त्याला चप्पल सापडली. सोमवारी गल्ली किराणा आणि चांदीच्या कामाचं सामान भरते, मंगळवारी प्रोग्रामनं स्वतःच बिलं काढायला सुरुवात केली, आणि बुधवारी सगळ्या घरांचे हप्ते एकदम फिरले.

ऋजुता त्याच संध्याकाळी धावत आली. इतकी खूश होती की वैजयंताला तिचा रागच आला. "मावशी, पकडला. फक्त एक बुधवार पुरणार नाही, आणखी तीन लागतील. आयोगापुढं कुणी योगायोग म्हणायला नको. तोवर कुणी मधेच पैसे भरायचे नाहीत. भरलेत की खातं कोरडं राहणार नाही आणि सगळं मुसळ केरात."

आता यातली मेख बघा. आधी शनिवारी सकाळी कुलूप पडायचं, संध्याकाळी मजुरी आली की सुटायचं, आणि रविवार तसाही सुट्टीचा. आता हप्ता बुधवारी पहाटेच फिरायचा, म्हणून कुलूप त्याच दिवशी पडून शुक्रवारी मजुरी आल्यावरच सुटणार होतं. काम द्यायचं शुक्रवारी सकाळी आणि ऐन कामाचे दोन दिवस यंत्र बंद. त्यात लग्नसराई. आप्पांनी मोठ्या विश्वासानं जाड पैंजणांचं काम सन्मतीला दिलेलं. काम चुकलं तर ज्या माणसानं हिच्यासाठी तीन पिढ्यांचा नेम मोडला, त्याचंच तोंड काळं होणार.

दुसऱ्या बुधवारी सन्मती नुसता बसून राहिला. गुरुवारी रात्रीपर्यंत तो वैजयंताशी धड शब्द बोलला नाही. आठवड्याचं काम अर्धंच गेलं.

तिसऱ्या बुधवारी वैजयंता डेअरीत दूध घालून आली आणि दारातच थबकली. घरात जुना वास होता, गोडसर, जळका. लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखीचा. मागच्या पडवीत सन्मती तोंडाला ओला पंचा बांधून ज्योतीपुढं बसला होता.

"अहो, काय करताय हे?"

"थोडंच राहिलंय," तो कडीवरची नजर न हलवता म्हणाला. "आप्पांचं काम आहे. डागाचं जुनं सामान पडलं होतं घरात, तेवढ्यानं भागतंय."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर आप्पांना ओळखत नाहीत."

 तिनं फळीवरचा चहाचा डबा काढला. त्यात सन्मतीच्या औषधाला म्हणून साठवलेल्या नोटा होत्या, हप्ता आणि दंड भागून उरल्या असत्या. डबा पदराखाली घेऊन ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. तिथं खात्यात रोख भरायचं यंत्र होतं. पैसे भरले की तासाभरात कुलूप सुटलं असतं आणि पडवीतली ज्योत विझली असती.

यंत्रापुढं ती उभी राहिली. मागं आक्काताई खोबरेल घ्यायला आल्या होत्या. त्यांनी डबा बघितला, सगळं ओळखलं, आणि एवढंच म्हणाल्या, "आमचा पोरगाबी सकाळपासनं ज्योतीवर बसलाय. मी म्हटलं, बाबा, वैजयंतानं धरलंय तोवर आपणबी धरू."

त्या असं बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं. वैजयंता तशीच घरी परत आली. डबा फळीवर ठेवला, पडवीत जाऊन सन्मतीशेजारी बसली आणि धूर पलीकडं जावा म्हणून सुपानं वारा घालायला लागली.

"भरलेस पैसे?" त्यानं विचारलं.

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि खोकला. खोकला लवकर थांबला नाही.

चौथ्या बुधवारीही ज्योत पेटली आणि तिनं वारा घातला. त्या दिवसांत तिला बँकेचा जेवढा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला. हा राग फोनवर कुणाला ऐकवता येत नव्हता.

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर झाली. पलीकडं आयोगाच्या बाई मुंबईत, बँकेचे वकील आणखी कुठंतरी. वकील चांगले गोरेगोमटे आणि बोलण्यात लोणी.

"मॅडम, आमच्या प्रोग्रामला ना शुक्रवार माहीत आहे, ना कुठली देवी. त्याच्या ठायी हेतू असूच शकत नाही. पैसे नव्हते म्हणून हप्ता फिरला, इतकी साधी गोष्ट आहे."

ऋजुतानं पडद्यावर आकडे लावले. मजुरी शनिवारी होती तोवर हप्ते शुक्रवारी फिरत होते. मजुरी शुक्रवारी आली आणि काही आठवड्यांत सगळ्या गल्लीचे हप्ते बुधवारी फिरायला लागले, त्याच्या आदल्या दिवशी बिलं काढून.

आयोगाच्या बाईंनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, शुक्रवारी खाती भरलेली होती. सोय हवी असती तर तुमचा प्रोग्राम तिथंच थांबला असता. तो भरलेल्या खात्यापासून उठून रिकाम्या खात्याकडं का गेला?"

वकिलांनी मुदत मागितली. मुदत मिळाली नाही.

निकाल लागला. सगळे दंड व्याजासकट परत, कुलपामुळं बुडालेल्या दिवसांची मजुरी वेगळी, आणि यापुढं हप्त्याचा वार ज्याचा त्यानं निवडायचा. अख्ख्या गल्लीनं शनिवार निवडला. आप्पांनी फोन पुन्हा देवीपुढं पालथा घातला. साठलेल्या नाण्यांचं काय करायचं विचारल्यावर म्हणाले, "राहू देत तिथंच. देवीनं राखण केली त्याची साक्ष आहे."

त्या आठवड्यात सुहासिनीचा फोन आला. "वैजयंताताई, आपली रक्कम जमा झाली आहे. आपलं पूर्ण समाधान झालं का? एक ते पाचमधला आकडा सांगाल का?"

वैजयंतानं आतल्या खोलीकडं बघितलं. लेसरचं यंत्र सुरू होतं, पडद्यावर हिरवा दिवा होता, पण त्यापुढची खुर्ची रिकामी होती. सन्मती कॉटवर तीन उशांना टेकून बसला होता. बसूनच झोपायचा आता. आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. डॉक्टरांनी या वेळी रागावणंही सोडून दिलं होतं. हवेतून प्राणवायू गाळून देणारं यंत्र घरी घ्या, एवढंच म्हणाले होते.

"नाही झालं," ती सुहासिनीला म्हणाली.

"आपली भावना मी समजू शकते," सुहासिनी म्हणाली.

कोल्हापुरातल्या वैद्यकीय सामानाच्या दुकानात मालकानं दोन यंत्रं दाखवली. एक वापरलेलं, एक नवं.

"नवं घ्या ताई, आवाज कमी. हप्त्यानं देतो. एक रुपया आत्ता द्यायचा नाही, बँक परस्पर कापून घेईल."

वैजयंतानं नव्या यंत्रावरच्या छोट्या पडद्यावर बोट ठेवलं. "यालाही दुरून कुलूप लागतं?"

मालक थोडा ओशाळला. "म्हणजे, हप्ता चुकला तरच हो. एरवी नाही."

  तिनं पिशवीतून चहाचा डबा काढला. दंडाचे परत आलेले पैसे आणि त्या दोन बुधवारी न भरलेल्या नोटा, सगळं मिळून वापरलेल्या यंत्रापुरतं बरोबर झालं.

"हे जुनं द्या," ती म्हणाली. "रोख घ्या. आणि यालाही दुरून कुलूप लागेल ती पडद्याची तार आत्ता माझ्यासमोर काढून टाका."

मालकानं तार काढली, नोटा मोजल्या, पावती फाडली. ती तिथंच उभी होती.

"आणखी काही?"

"आज शुक्रवार आहे," वैजयंता म्हणाली. "एक रुपया परत द्या. नाणं द्या."

"कशाला हो?" मालकानं गल्ला धुंडाळत विचारलं.

"जाऊन परत यावं म्हणून," ती म्हणाली. नाणं मुठीत घट्ट धरलं आणि यंत्र उचलायला तिनं रिक्षावाल्याला हाक मारली.